वरचे दोन दात आणि गोधडीचा मुखवटा

पुण्यात स्वतःच्या मर्जीने हेल्मेट घालणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर नुकताच पडून उठलेला असतो. मी दोन्ही नाही. मी क्लॅरिनेट वाजवतो. हनुवटीपर्यंत येणारं, तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट घालून मी वर्षानुवर्षं स्कूटर चालवत आलोय आणि सिग्नलला शेजारी थांबलेली माणसं माझ्याकडे 'काय झालं होतं हो?' अशा नजरेनं बघत आलीत. एकानं तर विचारलंच. मी त्याला सांगितलं, डोकं फुटलं तरी चालेल, दात फुटून चालायचं नाही. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, सिग्नल सुटला आणि तो निघून गेला. डोक्याबद्दलचं माझं म्हणणं त्याला पटलं असावं.

ज्यांना क्लॅरिनेट म्हणजे लग्नाच्या वरातीत वाजणारी काळी नळी एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो. वरचे पुढचे दोन दात माउथपीसवर टेकतात. खालचा ओठ खालच्या दातांवर घडी घालून रीडखाली, म्हणजे माउथपीसला बांधलेल्या वेताच्या पातळ पट्टीखाली जातो. बाकी बोटं वगैरे असतातच, पण बोटं काय, टायपिस्टलाही असतात. सूर ठरतो तो नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या वर. तेवढ्या जागेत माझा सगळा संसार आहे, असं मी एकदा चारचौघांत म्हणालो होतो. बायको शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "संसार माझ्या पगारावर आहे. तुमच्या तोंडावर फक्त तुमची क्लॅरिनेट आहे."

तर या तोंडासाठी मी काय काय सोडलं! उसाचं कांडं सोडलं, चिक्की सोडली, सुपारीला कधी शिवलो नाही. कणसाचे दाणे हातानं सोलून खातो. बाकरवडी मी चहात बुडवून खातो, ही गोष्ट मी आजवर घराबाहेर कुणाला कळू दिलेली नाही. कळली असती तर कोथरूडात घर भाड्यानंही मिळालं नसतं.

अशा माणसानं पंचावन्नाव्या वर्षी तोंडावर गोळ्या झेलायला जावं, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

झालं असं. आमची मुलगी हिंजवडीला नोकरी करते. राहते आमच्याकडेच, पण आमच्याकडे राहते म्हणजे तिची चप्पल आमच्या दारात असते. सकाळी जाते, उशिरा येते, जेवते, खोलीत जाते. महिन्यातून एका रविवारी ती ऑफिसातल्या मित्रमंडळींबरोबर एअरसॉफ्ट खेळायला जायची. म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या बंदुका घ्यायच्या, दोन गट करायचे आणि भिजवलेल्या साबुदाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या एकमेकांना मारायच्या. गोळी लागते, चांगली चुरचुरते, वळही उठतो. शिकलीसवरलेली माणसं यासाठी पदरचे पैसे देतात.

एका शुक्रवारी ती जेवताना म्हणाली, "बाबा, एक जण ड्रॉप झालाय. टीम शॉर्ट पडतेय. तू येतोस?"

आधी वाटलं ती फोनवर बोलतेय. मग कळलं की घरात दुसरा बाबा नाही. ती दहावीत गेल्यापासून तिनं मला कुठे 'येतोस का' असं विचारलेलं मला आठवत नव्हतं. तिनं मला विहिरीत उडी मारायला बोलावलं असतं तरी मी टॉवेल घेऊन निघालो असतो. मी अगदी सहज वाटेल अशा आवाजात म्हटलं, "बघतो, रविवारी काही नाहीये बहुतेक." रविवारी माझी एक शिकवणी होती. ती मी जेवण संपायच्या आत रद्द केली.

मग मला दातांची आठवण झाली.

मुलीनं तिच्याकडचा एक जास्तीचा मास्क मला आणून दिला. बारीक पोलादी जाळीचा, गालांवरून हनुवटीखाली जाणारा, मागे पट्टे. डोळ्यांना वेगळा बंद चष्मा. "हा इनफ आहे बाबा, आम्ही सगळे हाच घालतो." मला तो चहाच्या गाळणीसारखा दिसला आणि मी गाळणीवर विसंबणारा माणूस नाही. मी इंटरनेटवर शोधलं. तिथे जगभरच्या लोकांनी आपापल्या तुटलेल्या दातांचे फोटो लावून ठेवले होते. ते बघून मला जेवण गेलं नाही. त्यातच कुणीतरी लिहिलं होतं की हलक्या प्रतीची गोळी जाळीवर आपटून फुटते आणि तिचे तुकडे आत येतात. झालं. मी बायकोला जुन्या गोधडीचा एक तुकडा मागितला आणि तो दुहेरी करून मास्कच्या आतून शिवून द्यायला सांगितलं.

तिनं शिवून दिला. दोरा तोडता तोडता म्हणाली, "हे घालून बाहेर पडाल तेव्हा आपण नवरा-बायको आहोत हे सोसायटीत सांगू नका."

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला! सोसायटीच्या खालीच एका डेंटिस्ट बाईंचा दवाखाना आहे. त्यांच्याकडून मी दातांवर बसवायचं रबरी कवच करून घेतलं, बॉक्सर लोक घालतात तसं.

"बॉक्सिंग सुरू केलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही. मुलीच्या ऑफिसची मंडळी जमतात रविवारी."

"कुठलं ऑफिस हो हे?" त्या म्हणाल्या आणि तोंडात माप घ्यायचा लगदा कोंबल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

खेळायची जागा खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या मागच्या अंगाला. एक बंद पडलेला पोल्ट्री फार्म, त्यात टायरांचे ढीग, पिंपं, गंजके पत्रे. रविवार सकाळ, धरणाच्या भिंतीपाशी कणसं आणि भजी खाणाऱ्यांची जत्रा. त्या गर्दीतून आमची गाडी मुंगीच्या चालीनं जात होती आणि मी डोक्यावर टोपी आणि मांडीवर गोधडीचा मुखवटा घेऊन बसलो होतो. मुलगी गाणी लावत होती, मध्येच मला ऑफिसातल्या कुणाकुणाबद्दल सांगत होती. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. रस्ता आणखी लांब असता तरी चाललं असतं, असं मला मनापासून वाटलं.

मैदान सांभाळणारा माणूस जवळच्याच गावचा, फौजेतून निवृत्त झालेला. त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. "डोळ्यावरला चष्मा मैदानात कुनीबी काढायचा न्हाय. काढला की खेळ बंद, घरी जायाचं. डोळं माझी जबाबदारी. दाताचं ज्याचं त्यानं बघावं." हे म्हणताना तो माझ्या मुखवट्याकडे बघत होता. मग त्यानं मुलीला हळूच विचारलं, "काकांना थंडी वाजतीया का?"

या खेळाची एक रीत मला फार आवडली. यात पंच नसतो. गोळी लागली की ज्याला लागली त्यानंच हात वर करून 'हिट!' असं ओरडायचं आणि मुकाट्यानं बाहेर जायचं. लागलं की नाही लागलं यावर वाद नाही. म्हणजे आपण हरलो हे दुसऱ्यानं दाखवून द्यायच्या आत आपणच मोठ्यानं कबूल करायचं. हा खेळ पुण्यात खेळला जातो यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

चिठ्ठ्या टाकून गट पाडले. मुलगी नेमकी विरुद्ध गटात गेली.

पहिल्या डावात मी मैदानात पाऊल टाकलं आणि मला गोळी लागली. मी रीतसर ओरडलो. पण तोंडात रबर, त्यावर दुहेरी गोधडी, त्यावर पोलादी जाळी. माझी कबुली माझ्यापाशीच राहिली आणि पाठीवर आणखी चार गोळ्या बसल्या. "हात वर करा की काका!" फौजी ओरडला. रबरामुळे तोंडात इतकी लाळ साठली होती की मी बाहेर येऊन ते काढलं, पुसलं आणि खिशात टाकलं. म्हटलं, गोधडी आहे, जाळी आहे, बास की.

दुसऱ्या डावात नवं संकट. नुसत्या जाळीतून श्वास बाहेर जातो, त्यासाठीच ती जाळी असते. मी तिला आतून गोधडी लावून बंद केली होती. आता श्वासानं जायचं कुठे? तो वर चष्म्यात गेला. त्यातही साध्या माणसाचा श्वास वेगळा आणि आयुष्यभर फुंकून पोट भरलेल्याचा वेगळा. दोन मिनिटांत माझा चष्मा आंघोळीनंतरच्या आरशासारखा झाला. मला स्वतःची बंदूक दिसेना. एका पिंपाला पाठ टेकून मी अख्खा डाव नुसता बसून काढला. डाव संपल्यावर आमच्या गटातला एक मुलगा माझा खांदा थोपटून म्हणाला, "काका, काय पोझिशन होल्ड केली तुम्ही! सॉलिड पेशन्स!" मी नम्रपणे मान हलवली.

तिसऱ्या डावात मी त्याच पिंपामागे जाऊन बसलो. पुन्हा तेच धुकं. आजूबाजूला शांत होतं, गोळीबार लांब शेडच्या पलीकडे चालला होता. चष्मा काढायचा नाही हा नियम मी पाळला. मी फक्त मुखवटा हनुवटीखाली ओढला. एकच श्वास घ्यायचा, सोडायचा, काच साफ झाली की परत वर. लांब सुरावर सोडतो तसा मी तो श्वास सावकाश सोडला. काचेवरचं धुकं कडेनं विरत गेलं. आणि त्या पहिल्या स्वच्छ गोलात मला समोर, टायरांच्या ढिगामागून उठताना, माझी मुलगी दिसली.

मी हसलो. चांगला तोंडभर, सगळे दात दाखवून. माणूस स्टेशनवर कुणाला आणायला जातो आणि गर्दीत ते माणूस दिसतं, तेव्हा हसतो तसा.

टक्‌ असा आवाज झाला. तो मी कानांनी नाही ऐकला, कवटीतून ऐकला. जीभ दाताकडे गेली आणि तिथे दाताचा कोपरा नव्हता. मी हात वर केला आणि 'हिट!' असं खणखणीत ओरडलो. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

खेळ थांबला. ओठही फुटला होता, रक्त आलं होतं, त्यामुळे दिसायला प्रकरण मोठं दिसत होतं. मुलगी धावत आली, तिनं आपला मास्क ओरबाडून काढला आणि ती नुसतंच "बाबा, बाबा" म्हणत राहिली. फौजी म्हणाला, तुकडा सापडला तर डॉक्टर चिकटवतो, हुडका. आणि मग संगणकाचे पदवीधर असलेली दहा-बारा तरुण मंडळी गुडघ्यांवर बसून माझ्या दाताचा पांढरा तुकडा शोधू लागली. ज्या मैदानावर वर्षानुवर्षं पांढऱ्या गोळ्यांचा सडा पडलाय, त्या मैदानावर! "काका, हा आहे का?" "काका, हा बघा." कुणी गोळीचं अर्धुक आणलं, कुणी खडू, एकीनं तर कोंबडीचं हाड आणलं आणि माझ्या तोंडाशी लावून बघितलं. शेवटी एक तुकडा जरा दातासारखा वाटला. फौजीनं घरून स्टीलच्या पेल्यात दूध आणलं, त्यात तो टाकला आणि गाडीत मी तो पेला दोन्ही हातांत धरून कोथरूडपर्यंत आणला. एक थेंब सांडू दिला नाही.

डेंटिस्ट बाईंनी तो चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवला. "ही गारगोटी आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि ते कवच?"

मी ते खिशातून काढून दाखवलं. त्याला ओरखडाही उठला नव्हता.

दात त्यांनी छान बांधून दिला. दिसायला पहिल्यापेक्षा बरा. पण काही आठवडे त्यावर जोर द्यायचा नाही, आणि नंतरही तो कितपत सोसेल ते वापरल्याशिवाय सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. क्लॅरिनेट पेटीत गेली. रोज संध्याकाळी पाच वाजता आमच्या घरातून येणारे सूर बंद झाले. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यात थांबवून "सगळं ठीक आहे ना?" अशी चौकशी केली. ती त्यांनी फार आनंदानं केली.

घरात मात्र कुणी मोठ्यानं काही बोलत नव्हतं. मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मला ओळखूच आला नाहीस तू, बाबा. टोपी, गॉगल, मला वाटलं दुसरंच कुणीतरी." मी म्हटलं, साहजिकच आहे. तोंड का उघडं होतं असं बायकोनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, दमलो होतो, श्वास घेत होतो. शत्रूला बघून हसलो, हे कसं सांगणार? बायको म्हणाली, "तोंड बंद ठेवणं तुम्हाला आजवर जमलंय कधी?" आणि विषय मिटला, असं मला वाटलं.

तो मिटला नव्हता. मुलीनं तिची बंदूक, मास्क, बूट सगळं माळ्यावर टाकलं. मित्रांचे फोन आले की ती 'काम आहे' म्हणायची. रविवारी लॅपटॉप उघडून बसायची आणि त्यात काही करत नसायची. जेवताना तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे असायचं. मी भाकरीचा कडक पापुद्रा मुद्दाम पुढच्या दातांनी तोडून दाखवायचो, ती मान खाली घालायची. मला खरंच भीती वाटायला लागली. क्लॅरिनेट गेली तर गेली, नळीच ती. पण ती गेली, तर ही पोर जन्मभर स्वतःला त्याचा दोष देईल, आणि तिला त्यातून मी सोडवू शकणार नाही. मला वाजवता यायलाच हवं होतं, आणि ते तिच्या कानावर पडायला हवं होतं.

ती ऑफिसला गेल्यावर मी पेटी उघडली. दात टेकवला आणि नव्या दातातून अशी झिणझिण डोक्यात गेली की मी क्लॅरिनेट खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सूर निघाला, पण चिरकला. तारसप्तकात तर नुसती कोंबडी. बँडमधल्या माझ्या एका जुन्या सोबत्याला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, वरचा ओठपण आत घे. दोन्ही ओठांनी धर, दात लावूच नकोस. माझं तोंड बोळकं झालंय, मी वाजवायचं सोडलं का?" मग मी या वयात नव्यानं फुंकायला शिकू लागलो. ओठ सोलवटले. पाच मिनिटांत तोंड थकायचं. सूर आला, पण बारीक आणि जरा भित्रा.

मग एका ज्येष्ठ नागरिक संघाचा दुपारचा कार्यक्रम ठरला, जुन्या गाण्यांचा. मी हो म्हटलं, कारण दातांच्या बाबतीत त्या सभागृहात तरी मी भाग्यवान ठरणार होतो. मुलीनं सुट्टी काढली आणि मला गाडीतून घेऊन गेली. मी नको म्हटलं नाही. ती तिसऱ्या रांगेत दोन टोप्यांच्या मधे बसली.

खालचे सूर बरे गेले. एका गाण्यात मात्र अंतरा संपताना क्लॅरिनेट एकटी वर चढते, वर जाऊन थांबते. ती जागा मी अर्धं आयुष्य मिरवत वाजवली होती. त्या दिवशी मी तिथपर्यंत आलो, ओठ थरथरले आणि मी गुपचूप खालच्या सप्तकात उतरलो. सिंथेसायझरवाल्यानं समजून वर भर घातली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकजण तर 'वा' म्हणाले. सभागृहात फक्त एकीला कळलं. तिनं हात तोंडावर ठेवला होता.

परत आल्यावर तिनं सोसायटीच्या आवारात गाडी लावली, पण चावी काढली नाही.

"ती जागा खाली घेतलीस तू."

"वय झालं आता. ओठ दमतात."

"बाबा, खोटं नको बोलूस." "मला एकच सांग. तू दमलेला नव्हतास. बसूनच तर होतास. मग तोंड का उघडं होतं तुझं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर आमचे वरचे गृहस्थ गाडी पुसत होते, त्यांचाही उपयोग नव्हता. मग मी सांगून टाकलं. "काच साफ झाली आणि समोर तू दिसलीस. मला बरं वाटलं गं. म्हणून हसलो. तू मला घेऊन आली होतीस, त्याचा आनंद सकाळपासून नुसता आत दाबून ठेवला होता मी. आजही तशी दिसलीस तर हसेन. दात काय, आहेत अजून बरेच."

तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ती ताप आला की अशीच गरम लागायची.

"मी ओळखलं होतं तुला," ती तशीच खाली बघत म्हणाली. "लांबूनच. ती टोपी, आणि ते पिंपामागे पोक काढून बसणं. माझा बाबा बंदूक घेऊन बसलाय, बाबा! छातीवरच नेम धरला होता मी, शपथ. पण मला इतकं हसू आलं की हात हलला."

"तू हसत होतीस?"

तिनं मान वर केली. गाल ओले होते.

"मीपण हसत होते, बाबा. फक्त माझा मास्क तोंडावर होता."